दैवशालाची गाठ

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही या. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. एकदा मनातल्या मनात रामकृष्णहरी म्हणा, म्हणजे सुरुवात करतो. गोष्ट आमच्याच गावची आहे. बदनापूरहून आत आलं की मोसंबीच्या बागा लागतात, तिथली. तिच्यात कीर्तन आहे, सप्ताह आहे, आणि एक इंग्रजी शब्द आहे. तो तुमच्याही तोंडात रोज असतो.

रामप्रसाद माझा शेतशेजारी. चाळिशीतला, काटक, शाळा बेताचीच. पण अडचण आली की बाकीचे डोकं खाजवत उभे असायचे तोवर याचं काम उरकलेलं असायचं. एका वरातीत जनरेटर बसला, तर याने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नवरदेवाला उजेड दिला. एकदा भर पावसात मयत झाली, सरण पेटेना. हा घरी गेला, गोठ्यावरचे पत्रे उचकटून आणले, सरणावर आडोसा केला आणि दुसऱ्या दिवशी तेच पत्रे परत गोठ्यावर ठोकले. त्याची आई झुंबरबाई कुरकुरली, "मयताचे पत्रे म्हशीच्या डोक्यावर लावले बाबा यानं."

"म्हशीला काय कळतंय, माय?" रामप्रसाद म्हणाला.

म्हैस दूध देत राहिली, म्हणून झुंबरबाईचं तोंड बंद झालं.

मग एकदा कृषी खात्याचे साहेब बाग बघायला आले. ठिबकच्या नळ्या उंदरं कुरतडतात, हा सगळ्यांचाच ताप. रामप्रसादच्या बागेत मात्र जागोजागी पाण्याने भरलेल्या फुटक्या वाट्या. साहेबांनी विचारलं, हे काय? हा म्हणाला, "उंदीर काय नळी खायला येत न्हाई साहेब, पाणी प्यायला येतो. वाटीत भेटलं तर नळीला कशाला दात लावंल?" साहेब हसले. म्हणाले, "रामप्रसादभाऊ, तुम्ही फार प्रॅक्टिकल माणूस आहात."

झालं. शब्द गावात शिरला. हुशार, चलाख, बेरकी हे शब्द आमच्याकडे होतेच. पण या शब्दात ते तिन्ही होते, आणि वर थोडा साहेबी मान होता. ट्रॉली चिखलात रुतली, बोलवा प्रॅक्टिकलला. सोयरिकीत रुसवा झाला, प्रॅक्टिकल काय म्हणतो बघा. झुंबरबाईसुद्धा पाहुण्यांना सांगायची, "माझा लेक परटीकल हाय." रामप्रसादला त्या शब्दाची सवय लागली, चहाची लागते तशी. वेळेवर मिळाला नाही तर तो चुळबुळ करायचा.

घरात एकच माणूस तो शब्द वापरत नसे. त्याची बायको, दैवशाला. मंठ्याकडची, बारावी झालेली. बोलणं कमी, पण बोलली की नेमकं. दोघांचं वाईट नव्हतं हं. दर चतुर्थीला एका गाडीवर राजूरच्या गणपतीला जायचे, येताना भजी खाऊन यायचे. पण गाव नवऱ्याचं कौतुक करायला लागलं की ती चुलीत लाकूड सारायची. मी एकदा म्हणालो, "दैवशाला, नवरा मोठा प्रॅक्टिकल भेटला तुला." ती म्हणाली, "हाव आबा. फकत त्यांची अक्कल जल्दी चालती. माझी दमानं येती, पण मागून चुका वेचत येती."

आता त्यांच्या शेततळ्याचं सांगतो. तुम्ही पाहिली असतील तळी. जमिनीत मोठा खड्डा, चारी बाजूंनी उतार, आणि पाणी मुरू नये म्हणून आतून जाड काळा प्लास्टिकचा कागद. पावसाळ्यात भरून घ्यायचं, उन्हाळ्यात बागेला पुरवायचं. बागेचा जीव त्यात. पण तो कागद ओला झाला की साबण. बैल पडला तर बैल निघत नाही.

दैवशालाच्या माहेरच्या गावी एक मेंढपाळ आपलं कुत्रं पडलं म्हणून अशा तळ्यात उतरला. कुत्रं निघालं नाही, तोही निघाला नाही. ती त्याच्या मातीला जाऊन आली आणि आल्या दिवशी दोर करायला बसली. नायलॉनचा जाड दोर घेतला, हाताला घसरू नये म्हणून त्यात आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या वळल्या, आणि थोड्या थोड्या अंतरावर मुठीएवढ्या गाठी मारल्या. तळ्याच्या काठावर लोखंडी खुंटा ठोकून घेतला, एक टोक त्याला बांधलं, दुसरं टोक पाण्यात सोडून दिलं.

रामप्रसाद काठावर उभा राहून हसला. "एवढा चांगला दोर उन्हात सडवायली. तळ्यात पडायला कोण जातंय?"

"पडायला कुणीच जात न्हाई," ती म्हणाली. "पडल्यावर निघायला लागतंय."

पुढे तो दोर रोजच्या कामाचा झाला. त्यांच्या मोटारीला एक खोड होती. सुरू करण्याआधी तिच्यात बादलीभर पाणी ओतावं लागे, नाहीतर ती कोरडीच फिरायची. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी खाली जाई. मग दैवशाला पाण्याकडे पाठ करायची, एका हाताने दोर धरायची, दुसऱ्या हातात बादली, आणि गाठीगाठीने मागे मागे उतरायची. विहिरीत उतरतात तसं. बादली बुडवून तशीच वर. मी माझ्या बांधावरून कितीदा पाहिलंय. खाली कधी बघायची नाही. पुढची गाठ कुठे आहे ते तिच्या हाताला माहीत असायचं.

यंदाच्या चैत्रात आमच्याकडे सप्ताह बसला. सप्ताहाचं सुख मी काय सांगू. पहाटेचा काकडा, दुपारची गाथा, रात्रीचं कीर्तन. गावातली भांडणं तेवढे दिवस खुंटीला टांगलेली असतात. आमच्या मारुतीपुढे मांडव घातला होता, आणि कर्ण्याची तोंडं मुद्दाम शिवाराकडे फिरवली होती. रानात कुणी पाणी धरत असेल, तर त्याच्याही कानी नाम पडावं एवढाच हेतू.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. सकाळपासूनच वारं सुटलेलं. महाराज यायच्या बेताला एक जोराची वावटळ आली, मांडवाच्या एका बाजूचा ताणाचा दोर तुटला आणि कापड फडफडायला लागलं. खालून बाया उठल्या. मांडववाल्याकडे दोर नाही, दुकान बदनापुरात. सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या.

"आपल्या तळ्यावर दोर पडून राह्यलाय," रामप्रसाद म्हणाला. "आत्ता आणतो. आज कोण जातंय तळ्यावर, सगळं गाव हितं हाय."

गाडीला किक मारून गेला. खुंट्याची गाठ उन्हापावसाने आवळून दगड झाली होती. त्याने नखं लावून पाहिली, दात लावून पाहिले. सुटेना. इकडे महाराज येऊन बसले असतील, लोक वाट बघत असतील. त्याने गाडीच्या डिकीतला विळा काढला आणि काठाखाली दोन गाठी सोडून दोर कापला. वरचा तुकडा खुंट्याला तसाच राहिला, काठावरून आत लोंबत. वरून बघणाऱ्याला वाटावं, दोर जागेवर आहे.

दोर ताणून बांधला आणि मांडव डोंगरासारखा उभा राहिला. लोक म्हणाले, याला म्हणतात प्रॅक्टिकल. तेव्हा दैवशाला मागे स्वयंपाकाच्या चुलींवर पुऱ्या काढत होती. तिला सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण सांगितलं असतं तर ती चार बायांत बोलली असती. काला झाला की सांगू, आणि सांजच्याला बांधून टाकू, असं त्याने ठरवलं.

कीर्तन सुरू झालं. त्या वेळी वीणेचा पहारा रामप्रसादकडे आला. सप्ताहातली रीत तुम्हाला माहीत असेल. सप्ताह बसला त्या दिवसापासून वीणा जमिनीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्याने जागा सोडायची नाही. रामप्रसाद वीणा घेऊन महाराजांच्या मागे उभा होता. तेवढ्यात शेतावरची लाईट आल्याची कुजबूज पसरली. एरवी त्या आठवड्यात ती रात्रीची असायची, त्या दिवशी मधेच आली. बागेत लिंबाएवढी फळं होती. पाण्याची एक पाळी चुकली तर गळतात.

दैवशाला हात धुऊन नुकतीच बायांत येऊन बसली होती. रामप्रसादने तिच्याकडे बघून अंगठा फिरवला. मोटार चालू करून ये. तिने मान हलवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठून गेली.

ती मांडवाबाहेर पडली आणि त्याला दोर आठवला.

हे त्याने मला नंतर सांगितलं म्हणून मी सांगतो आहे. त्याने शेजारच्या रामकिसनकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, वीणा घे. रामकिसनला वाटलं, याचे पाय दुखायला लागले. त्याने हातानेच सांगितलं, थोडं थांबा भाऊ, एवढं चरण होऊ द्या. आणि त्याच वेळी पुन्हा वारं आलं. मांडव हलला, पण दोराने धरून ठेवला. महाराजांनी वर पाहिलं. टाळ थांबवले.

"पाहा," महाराज म्हणाले, "हा मांडव कशावर उभा आहे? एका दोरावर. आणि तो आणणारा माझ्या मागे उभा आहे. रामप्रसाद नाव ना? गाव याला प्रॅक्टिकल म्हणतं असं कळलं. मायबाप, परमार्थातसुद्धा असंच प्रॅक्टिकल असावं लागतं. वेळ आली की हाताशी असेल ते देवाच्या कामी लावावं."

सगळा मांडव हसला. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवली. रामप्रसादकडे सगळे बघत होते आणि तो वीणा धरून उभा होता. अशा वेळी निघायचं कसं? त्याने मनात हिशोब केला. दोर नाही हे तिला दिसेलच. तिला डोळे आहेत. दोर नाही तर ती माघारी येईल. येईलच.

महाराजांचा तो आवाज कर्ण्यातून सगळ्या शिवारावर गेला. तिने ऐकला का, ठाऊक नाही. तिने हाक मारली असेल तर तीही कुणाला ठाऊक नाही. कर्णे आमचेच होते, आणि जोरात होते.

काला फुटला, आरती झाली. दैवशाला आली नव्हती. रामप्रसादने वीणा रामकिसनच्या गळ्यात घातली आणि चालत निघाला. लोकांना दिसेल तोवर चालला, मग पळायला लागला. त्याच्या मागे आम्ही.

खुंट्यापाशी तिच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढतात तशा. बादली पाण्यावर आडवी तरंगत होती. दोराचं टोक जिथे संपत होतं, त्याच्या खाली काळ्या कागदावर नखांचे पांढरे ओरखडे होते. खूप होते. सगळ्यात वरचा ओरखडा दोराच्या टोकापासून हातभर खाली होता.

तिला काढायला दोर लागला. दोर मांडवाला होता. कुणीतरी पळत जाऊन तो सोडला, आणि मांडव पंगतीला बसलेल्या माणसांच्या अंगावर आला. तिच्याच गाठी धरून माणसं उतरली आणि तिला वर घेऊन आली. तिच्या मुठी मिटलेल्या होत्या. झुंबरबाई त्या उघडायला बसली. एकेक बोट सरळ करत होती आणि म्हणत होती, "सोड माय. आता सोड. आता काय धरून राह्यली."

पोलीस आले, पंचनामा झाला. पाय घसरून पडली असं लिहिलं गेलं. त्यात खोटं काही नाही.

दहाव्याला आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. एक लांबचा पाहुणा, त्याला नीट काही माहीत नसावं, धीर द्यायला म्हणून म्हणाला, "आता प्रॅक्टिकल विचार करा रामप्रसाद. पुढचं बघावं लागतंय." रामप्रसाद उठला, आत गेला आणि दाराला कडी लावली. झुंबरबाई पाहुण्याला म्हणाली, "दादा, तो शबद ह्या घरात काढू नका." तेव्हापासून गावातही कुणी काढत नाही. ट्रॉली रुतली तर ट्रॅक्टर मागवतात.

मी त्याला सोडलं नाही. संध्याकाळी बांधावर जाऊन बसतो त्याच्याजवळ. महाराजांनाही मी दोष देत नाही, त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. कीर्तनाला तर मुळीच देत नाही. माझा जन्म त्याच्यावर गेला. पण आता कर्ण्याचं तोंड मीच देवळाकडे फिरवून ठेवतो. नामाला यायचंय त्याने चालत यावं. रानात कुणी हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे.

एकदा रामप्रसाद आपण होऊन बोलला. "आबा, गाठ सुटंना म्हणून कापला मी. सोडवत बसलो असतो तर महाराज थांबले असते. काय बिघडलं असतं? किंवा सगळाच सुटला असता. मंग तिला दिसलं असतं, दोर न्हाई." मग म्हणाला, "एवढी पक्की गाठ मारायची काय गरज होती तिला?" खुंट्यावर ती गाठ अजून आहे. नवा दोर त्याने दुसरा खुंटा ठोकून बांधलाय. तिच्या गाठीला हात लावला नाही.

माझी गोष्ट एवढीच. आता घरी जा. तुमच्या शिवारात तळं असेल आणि त्याला दोर असेल, तर उद्या सकाळी तिकडे एक चक्कर मारा. दोर नुसता बघू नका. वाका, हातात घ्या, पार पाण्यातल्या टोकापर्यंत ओढून बघा. आणि ओढताना दैवशालाची आठवण काढा. तिला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणायचं असेल तर म्हणा. पण आठवण मात्र ठेवा.