‘हिरो’चा चौथा अर्थ

आमच्या शब्दकोशाचं गाडं रडतखडत ‘ह’पर्यंत आलं, तेव्हा बाबांनी पहिल्यांदाच माझ्या नोकरीत रस घेतला.

“हिरो येईल ना गं त्यात?”

“येणारच. एक, दंतकथेतला पराक्रमी पुरुष. दोन, सिनेमातला नायक. तीन, कामधंदा सोडून केसांवरून कंगवा फिरवत हिंडणारा कार्टा.”

“आणि माझा?”

त्यांचा म्हणजे सँडविच. हातभर लांब पाव, त्यात बटाटा, काकडी, भरपूर चीज आणि बाबांचा झणझणीत लाल सॉस. हे एकट्याने संपवेल तो हिरो, असं आई गिऱ्हाइकांना चिडवायची, तेच नाव चिकटलं. आता आई नाही. बाबांचा हात थरथरतो, सुरी धरवत नाही, म्हणून महिनाअखेरीस दुकान बंद होणार. निदान आईचा शब्द तरी मागे राहावा, एवढाच त्यांचा हट्ट होता. खरं सांगायचं तर माझाही.

पण आमचे मुख्य संपादक म्हणजे डोक्याला ताप.

“एका दुकानात चालतं ते नुसतं नाव,” ते म्हणाले. “ज्याने तुमच्या वडिलांना पाहिलंही नाही, तो सहज बोलून जातो, तेव्हा नावाचा शब्द होतो. दुसरीकडे कुणी हिरो मागताना ऐकलंत तर सांगा, मी छापतो. गुरुवारी पान छपाईला जाईल.”

मी तणतणत दुकानात गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

“बसस्थानकापाशी एका सँडविचवाल्याने फळ्यावर ‘हिरो’ लिहिलं होतं,” ते हळूच म्हणाले. “बाजारातही दोघांनी. मी जाऊन एकेकाला असं झाडलं, की पुन्हा नाव घेतलं नाही कुणी.”

मी कपाळाला हात लावला. “सगळ्यांना पळवून लावलंत?”

“आपल्या घरचा होता ना तो.”

मला त्यांचा राग आला आणि तितकीच मायाही आली.

सकाळी बाबा स्वच्छ शर्ट घालून बसस्थानकाकडे निघाले. मी मागोमाग. त्यांना बघताच तो सँडविचवाला घाबरला.

“काका, फळ्यावरून तेव्हाच पुसलंय. बघा हवं तर.”

“लिही परत,” बाबा म्हणाले. “सॉस कसा करायचा तेही सांगतो.”

त्याला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. “आता गिऱ्हाइकंच तसं मागतात, त्याला मी काय करू? त्यांची तोंडं कशी धरू?”

तेवढ्यात एक तरुण कंडक्टर बाई घाईघाईने आली. “दादा, एक हिरो. सॉस कमी, बस सुटेल माझी.”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. त्यांचं तोंड उघडलं, तेव्हा मला धडकी भरली. आता हे सांगणार, हिरो कुणाचा, नाव कुणी ठेवलं, सॉस किती हवा.

“हिरो म्हणजे काय गं, पोरी?” त्यांनी विचारलं.

“हे लांबलचक सँडविच, काका. कधी खाल्लं नाहीत?”

“नाही गं,” बाबा म्हणाले. “कसं लागतं?”