चारशे बारा बाळांची यादी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि खरं सांगायचं तर स्वभावाने संशयी आहे. माझी पहिली तीन वर्षं उरवड्याच्या एका कारखान्यात गेली. तिथे मी बंद पडलो की दोष माझा आणि नीट चाललो की कौतुक साहेबांचं! नवे संगणक आले तेव्हा मला कोपऱ्यात टाकलं, आणि तिथून सूस गावच्या गौतमीने मला घरी आणलं. तेव्हापासून माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही.

गौतमीची सासू सारजाबाई गावची सुईण. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चाळीस वर्षांत तिच्या हातून जन्मलेली चारशे बारा बाळं तिला तोंडपाठ होती. कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी, किती वाजता. ती सांगत गेली, गौतमी टाइप करत गेली. कोणाची पत्रिका करायची असली की माणसं माझ्यासमोर येऊन बसत. मला फार अभिमान वाटे. आता वयामुळे सारजाबाईला तारखा आठवत नाहीत. ती यादी फक्त माझ्या पोटात आहे.

सध्या २०१० साल चालू आहे. मी फार रेंगाळतो म्हणून भाडेकरू सौरभ माझ्यात नवी विंडोज घालणार आहे. तो नांदेडचा, आयटीत नोकरीला. आज सकाळी त्याने माझं झाकण उघडून धूळ झटकली, नवी रॅम बसवली. मला मुळीच बरं वाटलं नाही. एवढी सेवा कोणी उगाच करतं का?

"ताई, आता हार्डडिस्क फॉरमॅट करतो. सगळं पुसलं जाईल. बॅकअप घेतलाय ना?"

"व्हय, पेनड्राइव्हवर घेतलाय. उघडून बी बघितला."

तिथेच घोळ होता! गौतमीने पडद्यावरचं यादीचं चित्र तेवढं पेनड्राइव्हवर नेलं होतं. ते चित्र म्हणजे नुसता शॉर्टकट, यादीकडे जाणारी वाट. तिने ते माझ्यावरच उघडून पाहिलं, म्हणून यादी दिसली. ती मीच पोटातून काढून देत होतो. मी आपला भाडेकरूवर डोळा ठेवून बसलो आणि चूक केली घरच्या माणसाने. घाबरून मी पंखा घरघरवला. "किती आवाज करतोय बघा," म्हणत सौरभने सीडी आत सरकवली.

खाटेवरून सारजाबाई म्हणाली, "थांब रं पोरा. माजी यादी कुटं हाय?"

"आत्याबाई, ह्या पेनड्राइव्हात हाय की."

"मग ह्या डब्याबिगर दाव मला. बाळ आईपासनं सुटं हून रडल्याबिगर मी कदी सुखरूप म्हनले न्हाई."

सौरभ हसला, पण स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. पेनड्राइव्ह लावला. फाईल सापडत नाही, असा संदेश आला.

गौतमीचा चेहरा पांढरा पडला. "आत्याबाई, समदं गेलं असतं वो," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

मग सौरभने माझ्यातली खरी फाईल शोधून पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपवर उघडून एकेक नाव वाचलं. सारजाबाईने चारशे बाराच्या चारशे बारा ऐकली. चहा दोनदा गार झाला. मगच तिने मान हलवली.

आता सौरभ बटण दाबेल. पुन्हा जागा होईन तेव्हा मला ही यादी आठवणार नाही, आणि सारजाबाईही आठवणार नाही. याचं मला वाईट वाटतं आहे. म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगून ठेवतो. जुनं पुसण्याआधी त्याची प्रत दुसरीकडे उघडून पाहा. आणि एखादं म्हातारं माणूस मध्येच "थांब" म्हणालं, तर हसू नका. थांबा.