भरलेली ढोली

धुरपताने ढोलीचं झाकण सरकवलं आणि धान काढायला वाकून आत हात घातला. वडिलांचा, उदारामचा दहावा होता. अंगणात भाऊबंद बसले होते, चूल पेटली होती. मूठ वर आली ती काळी, ओलसर.

तिने दुसरी मूठ काढली. मातीच. मग कोपऱ्यातली काठी घेऊन खुपसली. छातीएवढ्या त्या बांबूच्या ढोलीत तळापर्यंत धानाचा एक दाणा नव्हता.

गेल्या पौषात ती सासरहून, नागऱ्याहून आली होती. उदारामच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"बाबा, घरात धान हाये ना?"

उदारामने ढोलीवर थाप मारली होती. आवाज भरीव आला होता. दुसऱ्या दिवशी ती निश्चिंत मनाने परत गेली होती.

"खुशालकाका, इकडं या जरा."

शेजारचा खुशाल आत आला, वाकला, आणि ढोलीशीच बसला.

"तलावातली माती हाये ही. दर उन्हाऱ्यात कावडीनं वाहे तुहा बाप. मी समजलो, धानाच्या बांधीत टाकून राहिला."

"मंग घरात काऊन भरली?"

"बांधी मालगुजाराच्या खासगी जमिनीतली. एकाच कुळाच्या हाती राहिली तं ते हक्क सांगन, म्हून दर दोन सालानं बदलवते. तुह्या बापानं माती टाकू टाकू दोन बांध्या पिकवल्या. दोन्ही गेल्या. तिसरी भेटली निस्त्या मुरमाची." खुशालने गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "कायमची एक भेटन तवा टाकीन, म्हने. मी गंमत समजून हासलो होतो, बाई."

बाहेर कोणीतरी भांडं आपटलं. धुरपताने टोपलं पुढे ओढलं.

"तुमच्या बांधीत टाका, काका. वाया नोको जाऊ देऊ."

खुशालने मूठभर माती घेतली. दाबली, नाकाशी नेली. डोळे मिटून तसाच बसला. मग मूठ उघडली आणि माती होती तिथे परत सोडली.

"नोको. धान जोमात आला तं मालगुजाराच्या नजरेत भरन, आताच काढून घेईन तो. माही बांधी अजून एक साल हाये."

तिने टोपलं मागे सरकवलं.

"तांदूर आनतो माह्या घरून," म्हणत तो उठला. दारापर्यंत गेला, थबकला, माघारी आला. बोटांच्या पेरांत राहिलेली माती त्याने ढोलीवर नीट झटकली, दोन्ही तळवे उलटसुलट पाहिले, आणि मगच बाहेर पडला.