सगळ्यांचं मशीन

बिनपैशाचं राज्य कसं असतं ते मला कुणी सांगायला येऊ नका. कमरीपेठेतल्या आमच्या बोळात ते मी वर्षभर भोगलंय.

सत्त्याण्णव साली कापडाची गिरणी बंद पडली आणि बोळातल्या निम्म्या घरांत पगार येणं थांबलं. तेव्हा रिटायर झालेले मास्तर बाळाचार्य पुढं आले. म्हणाले, आपल्यात पैसा नकोच. शंकरण्णानं सगळ्यांची सुतारकी करावी, हिराक्कानं सगळ्यांच्या भाकरी भाजाव्या, आणि मी, कमलानं, सगळ्यांचं शिवावं. बोळातल्यांच्या अळणावरकडच्या नातलगांकडनं येणारा जोंधळा आचार्यांच्या पडवीत राहील आणि लागेल तसा वाटला जाईल. कुणी काय करायचं ते दर रविवारी मारुतीच्या देवळात आचार्य सांगतील. ज्याची जी हत्यारं, ती सगळ्यांची. पैसाच नाही, तर लाच कसली, असं ते म्हणायचे. मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला कुणाची चूल थंड पडली नाही.

मग एकेक दिसायला लागलं. शंकरण्णा आधी आचार्यांची दारं बसवायचा, मग बाकीच्यांची. आचार्यांकडं पाणी भरणाऱ्याला चांगला जोंधळा मिळायचा, आणि उलट बोलणाऱ्याच्या वाट्याला गटार काढायचं काम यायचं. पैसा कुणी खात नव्हतं. खायची गरजच काय होती?

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आचार्यांच्या मुलाचं, प्रभंजनचं, लग्न ठरलं. नव्या सुनेचे ब्लाउज माझ्यासमोर ढिगानं येऊन पडले. माझ्या मशीनवर तेव्हा हिराक्काच्या पोराची शाळेची नवी खाकी चड्डी होती. जुनी मागनं फाटलेली, पोरं त्याला हसायची.

"आधी ब्लाउज, कमलाबाई," आचार्य म्हणाले.

"आधी शाळेचं. ब्लाउज मागनं," मी म्हटलं.

झालं. रविवारी देवळात त्यांनी शांतपणे विचारलं, मशीन एकाच घरात अडकून पडावं का? ज्यांना अडकू नये असं वाटतं त्यांनी हात वर करा. शंकरण्णानं केला. मग बाकीच्यांनी. शेवटी हिराक्कानंही केला, माझ्याकडं न बघता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातल्या बांगड्या मोडून घेतलेलं माझं मशीन, त्यावर माझी दोन लेकरं जेवत होती, आणि ते दोघांनी उचलून आचार्यांच्या पडवीत नेलं. हिराक्काच्या पोराची अर्धवट शिवलेली चड्डी तशीच माझ्या मांडीवर राहिली.

सकाळी मी त्यांच्या पडवीत गेले. त्यांच्या पुतणीनं ब्लाउजचा गळा शिवून शिवून वाकडा केला होता.

"माझं मशीन द्या, आचार्य."

"माझं, तुझं असं आपल्यात राहिलंय का?" ते म्हणाले. "आणि जबरदस्ती कुणी केली? सगळ्यांनी हात वर केले."

"केले की. जोंधळा कुणाला मिळणार ते तुम्ही ठरवणार, गटारात कोण उतरणार ते तुम्ही ठरवणार, आणि हात पण तुमच्याच डोळ्यांसमोर वर करायचे. मग कुणाची छाती होणार खाली ठेवायची?"

मी मशीनचं मुंडकं पायानं चालवायच्या स्टँडवरनं काढलं आणि कडेवर घेऊन निघाले. शंकरण्णा दारात रंधा मारत होता. त्यानं अडवलं नाही, हातही लावला नाही. त्याच दिवशी आमचा जोंधळा बंद झाला. होऊ दे, म्हटलं. स्टूलवर मुंडकं ठेवून हातानं चाक फिरवत बसले, आणि पैसे घेऊन दुसऱ्या पेठेतली कामं शिवायला लागले.

शाळेच्या आदल्या दिवशी मागच्या दाराची कडी वाजली. हिराक्का होती. पदराखालून पोराची जुनी चड्डी काढून म्हणाली, "कमळे, नवी तेवढी पुरी करून दे गं. नाही झाली तर हिलाच ठिगळ लाव. आचार्यांना कळू देऊ नको."

नवी माझ्या हाताशीच होती, शेवटची शिवण तेवढी राहिलेली.

"पुढच्या दारानं ये," मी म्हटलं. "सगळ्यांच्या देखत ये. आत्ता शिवून देते."

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग जुनी चड्डी पुन्हा पदराखाली घेतली आणि मागच्या बोळानं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचं पोरगं दप्तर पाठीमागं धरून, फाटकं झाकत शाळेला गेलं.