मास्तरांच्या व्हायोलिनवर हात

भगवंत मास्तरांचं शंभर वर्षांचं व्हायोलिन त्यांच्यामागं त्यांच्या शिष्येकडे, विशाखाकडे आलं. कोसाडला मास्तरांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, ती तेच वाजवायला बसली. समोर सगळे लूमवाले, यंत्रमागांच्या खडखडाटानं कान केव्हाच गेलेले! म्हणून संयोजकांनी माणसाएवढे स्पीकर लावले होते.

"बंद करा ते!" विशाखा फटकन म्हणाली. "मास्तरांना तरी कुठं ऐकू यायचं? लाकडाला हात लावून माझ्या चुका काढायचे."

तिनं मास्तरांच्या बायकोला, चंपाबाईंना जवळ बसवलं. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. त्यांचा तळहात व्हायोलिनच्या पाठीशी लावून तिनं मास्तरांची आवडती चाल धरली.

पहिल्याच ओळीला चंपाबाई दुसऱ्या हातानं सगळ्यांना बोलावत केवढ्यांदा तरी ओरडल्या, "अरे या रे, आमचे हे वाजवतायत!"

आणि अख्खा मंडप शर्टाला हात पुसत रांगेला लागला.