‘आईने’ खोडल्यावर

दवाखान्यातल्या ताईंनी टेबलावर पोस्टर उलगडलं. माझी ठमीच होती ती. पाच महिन्यांपूर्वीची, हाताला सुई, सुकलेले ओठ. जुलाबांमुळे तिने सहा दिवस याच दवाखान्यात काढले, तेव्हा या ताईंनी फोटो घेतला होता. “लोकांच्या उपयोगी पडेल,” म्हणाल्या; मी मान हलवली. तेव्हा कुणी राहतं घर मागितलं असतं तरी हलवली असती.

खाली लाल अक्षरांत ओळ : ‘आईने हात धुतले असते, तर मी इथे नसते.’

“गावभर लागणार,” ताई म्हणाल्या. हात धुण्याच्या मोहिमेचं काम त्यांच्याकडे होतं. “तुमची फक्त या संमतीपत्रावर सही हवी.”

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर ठमी त्यांच्या चष्म्याची दोरी चघळत होती.

“ओळ बदलता येईल?” मी विचारलं.

“अहो, तपासून घेतलीय ती. चाळीस आयांना दाखवली. पस्तीसजणी म्हणाल्या, घरी गेल्यावर आधी हात धुतले. मनाला लागतं ना, ते लक्षात राहतं.”

“आणि किती बाबांना दाखवली?”

“बाबा दुपारी कुठे येतात? कामावर असतात.”

“मी असते की दुपारी रिकामी,” सासूबाई म्हणाल्या. “मला नाही कुणी बोलावलं.”

ताई हसल्या. मी नाही. पाच महिने मी तिच्या आजारपणाआधीचा तो एकच आठवडा उलटासुलटा करून बघते आहे. मंगळवारी तिचं दूध करताना दाराची घंटा वाजली होती. परत येऊन हात धुतले होते का? आठवत नाही. आठवतं ते दुसरंच : नवरा ऑफिसातून येतो, बुटांच्या नाड्या सोडतो आणि त्याच हातांनी तिला उचलतो. सासरे पेपर चाळता चाळता तिच्या तोंडात बिस्किट देतात. वरच्या काकू जिन्यात तिचा गाल ओढतात. मी बघते आणि गप्प बसते, कारण ‘फारच बाई हिचं’ हे मी पुरेसं ऐकलेलं आहे.

ठमीच्या तोंडातून दोरी काढली, तेव्हा तिची लाळ माझ्या हातावर ओघळली. धुवायला वॉर्डातल्या बेसिनकडे गेले. नळ होता, पाणी होतं. साबण नव्हता.

“कपाटात आहे,” नर्स म्हणाली. “बाहेर ठेवला की लोक पळवतात. किल्ली मोठ्या बाईंकडे असते.”

सहा दिवस मी घरच्या साबणाची डबी पर्समध्ये घेऊन फिरले होते. वाटलं होतं, इथला साबण मलाच दिसत नसेल. डोकं ठिकाणावर होतं कुठे! म्हणजे तो बाहेर नव्हताच.

परत आले ती ओल्या हातांनीच.

“सही करणार नाही.”

“अहो, एका शब्दासाठी...”

“त्याच शब्दासाठी. राहिलं असेल माझं एखाद्या वेळी. असेल! पण घरात माझ्याशिवाय सहा हात आहेत, आणि तुमच्या वॉर्डात साबण कुलपात आहे. माझ्या लेकीच्या तोंडून मला गावभर बोल लावून घेणार नाही मी.”

मला वाटलं, आता सासूबाई दंडाला धरून मला खाली बसवणार. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. हात धुवायचे आईनं, आणि झटकायचे बाकीच्यांनी!”

“मग तुम्हीच सांगा,” ताई थोड्या घुश्शातच म्हणाल्या, “काय लिहू?”

सहीसाठी पुढे केलेलं पेन मी उचललं आणि पोस्टरवरचा ‘आईने’ हा एकच शब्द खोडला. उरलं : ‘हात धुतले असते, तर मी इथे नसते.’

ताईंनी दोनदा वाचलं. “पण कोणी धुतले असते?”

“वाचणाऱ्यानं बघावं.”

सासूबाईंनी ठमीला एका हातात घेतलं आणि दुसरा हात उलटा करून नखं बघितली.

“हे चालेल,” ताई शेवटी म्हणाल्या. “करा सही.”

“पहिलं पोस्टर त्या बेसिनवर लागेल. खाली साबण ठेवा, मग करते.”

“किल्ली मोठ्या बाईंकडे आहे, आणि त्या मीटिंगमध्ये आहेत.”

“असू देत.” मी खुर्ची बेसिनसमोर ओढली आणि बसले. पेन हातातच ठेवलं. “आम्हाला आज कुठे जायचं नाही.”