कुठला काटा

बाबा गेल्यावर आईला थंडीपुरतं माझ्याकडे न्यायचं ठरलं. न्यायचं ते बाबांच्याच गाडीतून, एवढा एकच हट्ट तिनं धरला. सकाळी निघालो तेव्हा काचा आतून धुरकटल्या होत्या. गाव मागे पडल्यावर मी हीटर लावला. आईनं लगेच हात पुढे करून तो बंद केला.

"काटा खाली येतो," ती म्हणाली.

हे बाबांचं वाक्य. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि मोजकं बोलायचे. गाडीत कुणी हीटरला हात लावला की, "काटा खाली येतो," एवढंच म्हणायचे. पुढे चर्चा नाही. मी मागच्या सीटवर कोटाच्या बाह्यांत हात खुपसून बसायचे, आई पुढे नाकापर्यंत मफलर ओढून. हीटर पेट्रोल पितो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"अगं आई, पेट्रोलच्या गाडीत हीटरला वेगळं काही लागत नाही," मी म्हणाले. "इंजिन तापतंच. ती उष्णता एरवी बाहेर फेकली जाते, तीच आत घ्यायची. पंखा फिरायला थोडी वीज लागते, तेवढीच. एसीला पेट्रोल लागतं, हीटरला नाही. फुकटची ऊब आहे ही."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं गळ्यातला मफलर नाकापर्यंत ओढला.

"म्हणजे फुकटचीसुद्धा दिली नाही त्यांनी मला."

बाबा गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल एक शब्दही वाकडा बोलली नव्हती. आणि तो पहिला शब्द मी तिच्या तोंडात घातला होता. मी शब्दकोशाच्या कामात आहे. एका शब्दाचे चार अर्थ नीट वेगळे करून मांडणं हेच माझं पोटापाण्याचं काम. इथे मात्र मी धडाधड बोलून मोकळी झाले होते.

"त्यांना माहीत नसेल," मी म्हणाले.

"त्यांना? घड्याळात धुळीचा कण कुठे अडकलाय ते कानानं ओळखायचे. आणि हे माहीत नसेल?"

"मग बघूया तरी खरंच खाली येतो का," असं म्हणून मी हीटर पुन्हा लावला. या वेळी तिनं अडवलं नाही.

पेट्रोलचा काटा होता तिथेच राहिला. पण हवा धड गरमही येईना, कुणी तोंडानं फुंकर घालावी तशी कोमट. आणि मग माझं लक्ष गेलं. पेट्रोलच्या काट्याशेजारी, त्याच काचेखाली, अगदी तसाच दिसणारा दुसरा काटा होता. इंजिनाच्या तापमानाचा. तो सावकाश खाली येत होता.

मी हीटर बंद केला. काटा थोडा वर चढला. लावला. उतरला.

"काय चाललंय तुझं?" आई म्हणाली.

"आई, बाबा कुठला काटा म्हणायचे?"

"कुठला म्हणजे? काटा!"

रस्त्यात पहिलं गॅरेज दिसलं तिथे मी गाडी वळवली. मेकॅनिक जाडा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. त्यानं इंजिन जरा निवू दिलं, दोन बोल्ट काढले, आत बोट घातलं आणि हसला.

"इथे थर्मोस्टॅटच नाहीये. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप असते ती. कुणीतरी काढून टाकलीय. त्यामुळे इंजिन कधी नीट तापतच नाही. त्यात हीटर लावला की आहे ती ऊबही तो ओढून घेतो."

"मग हीटरनं पेट्रोल जास्त लागतं की नाही?" मी विचारलं.

"नाही लागत."

"बघ," मी आईकडे वळले.

"पण या गाडीत लागेल," तो म्हणाला. "इंजिन गार राहिलं की जास्त पितं. आता हीटरमुळे किती आणि मुळातच किती, ते नाही सांगता यायचं. थोडंफार असेल. नसेलही."

"एक काय ते सांगा की हो!" आई चिडली.

"काकू, मला तरी कुठे कळतंय? ही कुणी काढली, काही कल्पना?"

"का काढतात?" मी विचारलं.

"गाडी उकळायला लागली की काही जण काढतात. बरोबर नाही, पण चालून जातं."

आई गाडीजवळ सरकली. मग म्हणाली, "उकळली होती. माझ्या भावाकडे जाताना, चढावर. तासभर रस्त्याच्या कडेला बसलो. पोचल्यावर तुझा मामा सगळ्यांच्या देखत म्हणाला, 'दाजी, चहा गाडीतच करून आणलात वाटतं!' सगळे हसले. हेसुद्धा हसले. आणि नंतर रविवारभर गाडीखाली."

"म्हणजे बाबांनीच काढली."

"म्हणजे माझ्या भावाच्या एका टोमण्यापायी मी इतकी वर्षं कुडकुडत बसले?"

मेकॅनिकनं चेहरा बॉनेटखाली लपवला. त्याचे खांदे हलत होते.

"आई, नीट आठव. बाबा 'काटा खाली येतो' म्हणताना बोट दाखवायचे ना? कुठे?"

"दाखवायचे."

"डावीकडे की उजवीकडे?"

"मला काय माहीत! मी रागानं खिडकीबाहेर बघत असायचे."

"एकदाही आत बघितलं नाहीस?"

"तू तरी मागून काय बघत होतीस?"

मी बाबांची मान बघत होते. मफलरच्या वरची, थंडीनं लाल झालेली. त्यांनाही थंडी वाजत असणारच, हे तेव्हा कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आणि माझ्या अंगावर काटा यायचा, त्याचं काही नाही!" आई मेकॅनिकला सांगत होती. "तो कुणाला दिसला नाही."

त्यानं नवी झडप बसवायची का म्हणून विचारलं. मी आईकडे बघितलं. ती "बसवा" म्हणाली, मग "थांबा" म्हणाली, मग गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि पुन्हा "बसवा" म्हणाली.

आम्ही निघालो. तापमानाचा काटा मधोमध जाऊन थांबला आणि हीटर लावला तरी हलला नाही. गाडीत खरीखुरी गरम हवा भरली. आईनं मफलर सोडला आणि मांडीवर ठेवला.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं. "इंजिनाची काळजी, की पेट्रोलची?"

"इंजिनाची."

"नक्की?"

"नाही."

"म्हणजे कंजूष नव्हता असं काही ठरत नाही."

"नाही ठरत."

"होता असंही नाही."

"नाही."

"सांगायला काय झालं होतं? दोन वाक्यं जास्त बोलला असता तर जीभ झिजली असती?" मी दचकून तिच्याकडे पाहिलं. बाबांना ती कधी एकेरी बोलली नव्हती. तिचे डोळे भरले होते आणि आवाज भांडणाचा होता. "घोळ घालून गेला नुसता. मला परत सांग. इंजिन तापतं. बरं. मग पाणी कुठे जातं?"

मी पहिल्यापासून सांगायला लागले.